वहीतले ठोके

"मग, किती झालं?" हा प्रश्न गेलं वर्षभर मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंय. नागपूरच्या मावशीला किलोमीटर ऐकायचे असतात, ऑफिसातल्या मंडळींना वेळ, आणि धाकट्या काकांना कारण ("अरे पण कशासाठी?"). काकांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. बाकीच्यांसाठी एक वही आहे, दोनशे पानी, आखीव. आज त्या वहीबद्दलच लिहितोय.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पूर्ण अंतराची ट्रायथलॉन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन १८० किलोमीटर सायकल, आणि उतरल्यावर ४२.२ किलोमीटर धावायचं. बहुतेक ठिकाणी हे सगळं १७ तासांत उरकावं लागतं. हे आकडे कुणी शास्त्र बघून ठरवलेत असं वाटेल, पण तसं काही नाही. हवाईतल्या ओआहू बेटावर पोहण्याची, सायकलची आणि धावण्याची अशा तीन वेगवेगळ्या शर्यती आधीपासून होत्या, त्या १९७८ साली एकापुढे एक जोडल्या. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॅलरला ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद लागली. दुसरा आलेला जॉन डनबार तर, त्याच्या माणसांकडचं पाणी संपल्यामुळे, बिअर पीत धावला होता म्हणतात. मनगटावर उपग्रहाशी बोलणारं घड्याळ वगैरे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. असो.

घड्याळ माझ्याकडेही आहे. ते सगळं मोजतं आणि वर शाबासकीही देतं. पण घड्याळ आजचं सांगतं, आणि मला हवं असतं ते तीन महिन्यांपूर्वीच्या माझ्याशी आजचा मी ताडून बघायला. तसं बघायचं तर काहीतरी एक पक्कं धरून ठेवावं लागतं. मी ठोके पक्के धरले. फिल मॅफेटोन नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाचं एक सोपं सूत्र आहे, १८० मधून वय वजा करा. माझं वय ४६, म्हणजे १३४. ढोबळच आहे ते, पण मापाची पट्टी लाकडाची आहे का लोखंडाची यापेक्षा ती रोज तीच आहे ना, हे महत्त्वाचं. महिन्यातून एकदा सकाळी सहाला, विद्यापीठाच्या आवारातला तोच रस्ता, आठ किलोमीटर, हृदयाचे ठोके १३४ च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. मग किलोमीटरला किती वेळ लागला ते लिहायचं.

जानेवारीत ८ मिनिटं ५ सेकंद. मार्चमध्ये ७:५०. मे महिन्यात ८:२०!

पाच महिने घाम गाळून जानेवारीपेक्षाही हळू. नुसता वेग बघणारा माणूस इथे बूट माळ्यावर टाकेल. पण वहीत शेजारी तापमानाचाही रकाना आहे, आणि त्यात सगळं स्पष्ट दिसतं. उन्हाळ्यात शरीर गार ठेवायला बरंचसं रक्त कातडीकडे वळतं, घामावाटे पाणी जातं, त्यामुळे हृदयाच्या एका ठोक्याला कमी रक्त पुढे ढकललं जातं. मग तेवढंच काम करायला ठोके जास्त लागतात. ठोके वाढू द्यायचे नाहीत तर पाय आवरायला हवेत. पाऊस पडला आणि जुलैत आकडा ७:२५ झाला. त्यातलं माझं किती आणि पावसाचं किती, हे पुढच्या जुलैतच कळेल.

पोहण्यात वेळेपेक्षा हात मोजतो. आमचा तलाव २५ मीटरचा, म्हणजे ३.८ किलोमीटरला १५२ फेऱ्या. सत्तराव्या फेरीनंतर सत्तर झाल्या की बहात्तर, हे साक्षात चित्रगुप्तालाही सांगता येणार नाही. पण एका फेरीला किती हात मारले ते नीट लक्षात राहतं. २७ होते, आता २२ लागतात. वेळ जवळपास तीच आहे, पण बाहेर आल्यावर पायऱ्यांचा दांडा धरून उभं राहावं लागत नाही.

सायकलसाठी घरातला वजनकाटा. एप्रिलमध्ये तीन तास चालवून आलो तर दोन किलो कमी, आणि वाटेत दीड लिटर पाणी प्यायलो होतो. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. म्हणजे तासाला लिटरभराहून जास्त घाम. तेव्हापासून बाटल्या वाढल्या, मीठ घातलेलं कोकम सरबत आलं, खिशात शेंगदाण्याची चिक्की आली.

आणि एक रकाना पहाटेचा. उठल्या उठल्या, अंथरुणातच, मिनिटभर नाडी. ६६ वरून ५४ पर्यंत उतरली. एखाद्या दिवशी सात-आठ ठोके जास्त निघाले तर त्या दिवशी सुट्टी. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सर्दी-ताप तरी येतो, किंवा झोप कमी झालेली असते.

ऑगस्टमध्ये आई बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पुढचे पाच आठवडे वहीत व्यायामाचे सगळे रकाने कोरे आहेत. नाडी मात्र सवयीने लिहीत होतो, हॉस्पिटलच्या बाकावर झोपून उठल्यावरसुद्धा. ६३, ६५, ६४, ६५. एक किलोमीटर धावलो नव्हतो, सायकलला हात लावला नव्हता, आणि आकडे असे की बघणाऱ्याला वाटावं हा रोज सिंहगड चढतोय. शरीराला ओझं कुठून आलं ते कळत नाही, ओझं तेवढं कळतं. मी जे 'विश्रांतीचे आठवडे' म्हणून गृहीत धरले असते ते विश्रांतीचे नव्हतेच, आणि हे मला दुसऱ्या कुणी सांगून पटलं नसतं.

सप्टेंबरच्या शेवटी विद्यापीठात गेलो. ७:५०. मार्चमधला आकडा. त्या दिवशी घरी येऊन शर्यतीला नाव द्यावं की नको यावर बायकोशी बराच वेळ बोललो. आठवड्याचे बारा-चौदा तास बाहेर, आणि घरात वॉकर धरून चालणारी आई. आमचं काही ठरलं नाही. आतल्या खोलीतून आईच म्हणाली, "ती वही दे रे इकडे."

फिजिओथेरपीला येणाऱ्या ताईंनी तिला रोजचं चालणं लिहायला सांगितलं होतं, आणि कोरा कागद तिला सापडत नव्हता. तिने वही उलटी केली आणि शेवटच्या पानापासून सुरुवात केली. आमच्या घरात वाण्याचा हिशोबही असाच लिहिला जायचा, पुढून अभ्यास, मागून किराणा.

तिच्या नोंदी माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. रकाने नाहीत, अंतर नाही, वेळ नाही. "पलंग ते दार. दोनदा बसले." "दारापर्यंत, एकदा बसले." "गॅलरी. तुळशीला पाणी घातलं." "वॉकर सोडून ३ पावलं. सून जवळ होती." "आज नाही. दुखलं." मला 'आज नाही' इतकं साधं लिहायला कधी जमलेलं नाही, मी तिथे तापमान लिहितो :-)

तिचं वाचून मी एक रकाना वाढवला, आज कसं वाटलं. त्यासाठी बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची ६ ते २० अशी एक मोजपट्टी आहे. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता पडतो. आकड्याला दहाने गुणलं की अंदाजे ठोके यावेत अशी ती बेतलेली आहे. आईला समजावून सांगितली. ती म्हणाली जिना १७ आहे, पण नंतरच्या चहाने १० होतो.

नोव्हेंबरमध्ये ७:१०, डिसेंबरमध्ये सात मिनिटं. थंडीचा त्यात वाटा आहे हे वहीत लिहून ठेवलंय. शर्यतीला नाव दिलंय, अजून चार महिने आहेत. सकाळचे तास आता पावणेपाचला सुरू होतात, म्हणजे आठला आईच्या व्यायामाच्या वेळी घरात असतो. रविवारची लांब सायकल एक आठवडा आड केली.

वहीची पानं दोन्ही बाजूंनी भरत चाललीत, मध्ये साधारण तीस उरलीत. आईचं म्हणणं, तिला सोसायटीच्या फाटकापर्यंत जायला त्यातली वीस लागतील, मी जरा बारीक अक्षरात लिहावं.