पडद्यावरचा डाग

सेमिनारला विषय कोणता घ्यावा या विवंचनेत होतो. रूममेट म्हणाला, "अरे, तुझ्या फोनवरच घे ना!" सगळी रूम हसली. माझ्या फोनच्या पडद्यावर वरच्या बाजूला एक पिवळट पट्टा कायमचा उमटलाय. फोन बाबांचा जुना. ते टॅक्सी चालवतात. वाट दाखवणाऱ्या ॲपची निळी पट्टी दिवसभर तिथेच.

मी खरंच ओएलईडी हा विषय घेतला. १९८७ साली कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन सेंद्रिय पदार्थांचे अतिपातळ थर एकावर एक चढवले आणि १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर झगझगीत हिरवा प्रकाश मिळवला. एका थरातून होल येतात, दुसऱ्यातून इलेक्ट्रॉन. सीमेवर गाठ पडली की उजेड! मागे वेगळा दिवा नाही, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. म्हणून तर २००७ मध्ये सोनीचा ११ इंची टीव्ही जेमतेम ३ मिलिमीटर जाडीच्या पडद्याचा होऊ शकला.

पण मित्रांनो, जो स्वतः उजळतो तो झिजतोही. निळा सगळ्यांत आधी, कारण त्याच्या प्रकाशात ऊर्जा जास्त, ती रेणूंनाच मोडते. निळा मंदावला की उरतो पिवळा!

शेवटची स्लाइड म्हणजे माझ्या फोनचा फोटो. सरांनी विचारलं, "किती तास चाललाय हा?"

म्हटलं, "सर, माझ्या चार सेमिस्टरच्या फीइतका."

सर काही बोलले नाहीत. रूममेटने मात्र रात्री चहा पाजला.