एकलहऱ्याहून टाकळीस

नाशिकरोड स्टेशनाच्या पूर्वेस, गोदावरीच्या काठी, एकलहरे म्हणून गाव आहे. वाचकांनी त्याचे नाव ऐकले असेल ते तेथील विद्युत्केंद्रामुळे. १९७० सालापासून तेथे कोळशावर वीज निघत आली आहे, आणि त्या धुरांड्यांची आकृती शेतांवरून कितीतरी दुरून दिसते. आमचा पुतण्या त्या केंद्रात कामास असल्यामुळे थोरल्या वहिनींचा मुक्काम अलीकडे तेथील वसाहतीत असतो. गेल्या माघात मी त्यांच्याकडे गेलो तो केवळ पाहुणचारासाठी नव्हे. माझ्या पिशवीत तांबड्या फडक्यात बांधलेले एक जुने बाड होते, आणि ते गंगेत सोडावयाचे होते.

पंचवटीतील आमचा वाडा उतरविला तेव्हा माळ्यावर हे बाड निघाले. आजोबांची धाकटी बहीण, जिला आम्ही सर्व आत्याआजी म्हणत असू, तिच्या हातचे ते होते. अकराव्या वर्षी कपाळ पांढरे होऊन ती माहेरी आली आणि पुढची साठाहून अधिक वर्षे तिने आमच्याच स्वयंपाकघरात काढली. १९६८ साली ती वारली. बाडाची पाने कडेने झिजली होती, कसर लागली होती. घरातील वडील मंडळींचे मत पडले की जीर्ण पोथी अडगळीत ठेवू नये, प्रवाहात सोडावी. ती कोठे सोडावी याचा निर्णय वहिनींनी केला. “भावजी, रामदासी वाङ्मय आहे ना? मग समर्थांच्या संगमावरच नेऊ या.”

एकलहऱ्याहून नदीच्या वरच्या अंगास निघाले की दसक आणि पंचक ही गावे लागतात. आता ती शहराच्या वस्तीत इतकी मिसळून गेली आहेत की घाटावर उतरेपर्यंत गाव म्हणून ओळखू येत नाहीत. परंतु रामदासी संप्रदायाचा पहिला धागा येथूनच निघतो. परंपरा सांगते की, दशक-पंचकच्या कुलकर्ण्यांचे प्रेत दहनासाठी नेत असता सती निघालेल्या त्यांच्या पत्नीने नदीत उभ्या असलेल्या तरुण तपस्व्यास नमस्कार केला. त्याने पाहिले न पाहिले तोच पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. पुढे पती उठून बसला, दहा पुत्र झाले, घराण्याचे नाव दशपुत्रे पडले, आणि पहिला मुलगा तिने त्या तपस्व्याच्या ओटीत घातला. तोच उद्धव गोसावी. चमत्कार ज्याला पटेल त्याने घ्यावा. मला त्या कथेत दुसरेच काही दिसते. ज्या कवीच्या भोवती पुढे शेकडो माणसांचा मेळा जमला, त्याचे पहिले माणूस म्हणजे एक लहान मूल, आणि ते देणारी एक बाई, जी अग्नीकडे चालली असता परत फिरली.

टाकळीचा मठ नंदिनी आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ आहे. नंदिनीला लोक नासर्डी म्हणतात, आणि आज तिचे पाणी पाहून हे दुसरे नावच खरे वाटते. १६०८ साली जांब येथे जन्मलेला नारायण सूर्याजी ठोसर बोहल्यावरून निघून येथे आला, तो बारा वर्षे राहिला. सकाळी संगमाच्या पाण्यात उभे राहून जप, दुपारी पंचवटीत माधुकरी, आणि नंतर ग्रंथलेखन, असा त्याचा क्रम सांगतात. मठात गोमयाचा मारुती आहे. तीर्थाटनास निघताना मागे राहणाऱ्या उद्धवासाठी समर्थांनी तो स्वहस्ते केला, अशी श्रद्धा आहे.

संगमावर घाण फार होती. वहिनी पायरीवर थबकल्या. “ह्या पाण्यात आत्याआजींचे अक्षर सोडायचे?” असे त्या म्हणाल्या, आणि आम्ही मठाच्या ओसरीवर जाऊन बसलो.

तेथे बसल्या बसल्या त्यांना मी नुकत्याच वाचलेल्या एका पुस्तकाची हकीकत सांगितली. समर्थ तीर्थाटन संपवून कृष्णाकाठी आले ते १६४४ साली, असे परंपरा मानते. नेमक्या त्याच साली चीन देशात मिंग घराण्याचे राज्य बुडून मांचूंनी पेकिंग घेतले. वू वेइये हा तेथील कवी समर्थांहून एका वर्षाने लहान. नव्या राज्यात चाकरी धरण्याची पाळी त्याच्यावर आली, आणि त्याची खंत त्याला इतकी लागली की १६७२ साली मरताना त्याने सांगून ठेवले, माझ्या थडग्यावर हुद्दा घालू नका, केवळ कवी म्हणून नाव कोरा. दुसरा गू येन्‌वू. त्याच्या आईने अन्न वर्ज्य करून प्राण सोडला आणि मुलास बजावले की दोन राज्यांची सेवा करू नकोस. तो जनावरांवर ग्रंथ लादून उत्तरेत वर्षानुवर्षे फिरला, आणि १६८२ साली, म्हणजे समर्थांच्या निर्याणाच्या सुमारासच, वारला. राज्य पालटले की कवींना थारा उरतो तो मित्रांच्या घरी, पत्रांत आणि हस्तलिखितांत.

“आणि समर्थांना?” वहिनींनी विचारले.

समर्थांचा गोतावळा मोठा विलक्षण होता. शिवछत्रपतींची व त्यांची भेट केव्हा झाली ह्या वादात मी शिरत नाही. त्यावर शाई पुष्कळ खर्ची पडली आहे, आणि त्या गडबडीत बाकीची माणसे झाकून गेली आहेत. थोरले बंधू गंगाधरपंत स्वतः ग्रंथकार. कल्याण हा लेखक शिष्य, त्याच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावी राहिली म्हणून वीस दशकांचा तो ग्रंथ आपल्यापर्यंत नीट पोहोचला. तिसगावच्या दिनकरांनी ‘स्वानुभवदिनकर’ रचला. वडगावचे जयरामस्वामी, निगडीचे रंगनाथस्वामी, ब्रह्मनाळचे आनंदमूर्ती आणि भागानगरचे केशवस्वामी ह्यांसह समर्थांना रामदासपंचायतन म्हणतात. त्यांचे गुरू निराळे, राहणी निराळी. रंगनाथस्वामी तर राजयोगी थाटाने राहणारे. तरी आपापसांत स्नेह होता. तंजावरापर्यंत मठ गेले.

आणि वेणाबाई. मिरजेच्या सासरी बालपणीच वैधव्य आलेली ही मुलगी समर्थांच्या अनुग्रहास पात्र झाली. आप्तांनी तिला विष दिल्याची आख्यायिका आहे. ती खरी नसली तरी तशी आख्यायिका उत्पन्न व्हावी यातच त्या काळच्या घरांचे चित्र आले. समर्थांनी तिला उभे राहून कीर्तन करण्याची मोकळीक दिली, आणि मिरजेचा मठ तिच्याकडे सोपविला. तिचे ‘सीतास्वयंवर’ मराठीत मान्यता पावलेले काव्य आहे.

आत्याआजीचे बाड म्हणजे ह्याच सीतास्वयंवराची नक्कल होती. ओसरीवर फडके सोडले तेव्हा प्रथमच ते मी पुरते उघडले. अक्षर बालबोध, टपोरे, दिव्याच्या उजेडात लिहिल्यामुळे कोठे कोठे ओळ खाली उतरलेली. शेवटच्या पानाच्या पाठीवर वहिनींना एक यादी सापडली. गल्लीतील बायकांची ती होती. कोणाची काकी, कोणाची माई, कोणाची मावशी. प्रत्येकीपुढे तिथी, बाड नेल्याची आणि परत आल्याची. मी मोजल्या, सतरा होत्या. त्यांतील ज्यांची घरे मला आठवली त्या सर्व आत्याआजीसारख्याच, माहेरच्या किंवा दिराच्या आधाराने राहणाऱ्या. आम्ही समजत होतो की तिला कोणी मैत्रीण नाही. दुपारी ती “जरा देवळात जाऊन येते” म्हणत असे, आणि त्यावर घरात कुरकुरही होई.

वहिनींनी यादी दोनदा वाचली आणि बाड बांधावयास घेतले. “हे पाण्यात जायचे नाही,” त्या म्हणाल्या. “धुळ्यास चौकशी करा.”

धुळ्याचे नाव त्यांनी योग्य काढले. तेथे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापिली आणि मठोमठी हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून, रामदासी बाडे गोळा केली. विसर्जनाच्या वाटेवर असलेली किती पाने त्यांनी परत फिरविली असतील, देव जाणे. त्या संग्रहासाठी १९३५ साली समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून जतन केलेली वाल्मीकिरामायणाची प्रत तेथेच आहे, आणि ती टाकळीच्या वास्तव्यात लिहिली असे मानतात. म्हणजे आम्ही बसलो होतो त्याच काठावरची ती.

संध्याकाळी एकलहऱ्यास परतलो. पुतण्या रात्रपाळीस गेला होता. वहिनी चष्मा लावून, एकेक पान पालथे घालीत, अनुक्रम जुळवीत बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली.

“भावजी, एकेचाळिसानंतर त्रेचाळीस आहे. बेचाळिसावे पान कोठे गेले?”

मी सातआठ वर्षांचा असेन. श्रावणातला पाऊस, वाड्याच्या चौकात तुंबलेले पाणी, आणि होडीला जाड कागद हवा होता. आत्याआजीने ते पाहिले होते. ती काही बोलली नाही. होडी बुडाल्यावर तिने पान उचलून चुलीशी वाळत घातले, पण शाई धुऊन गेली होती.

वहिनींना मी हे सांगितले. त्यांनी बेचाळिसाव्याच्या जागी एक कोरा कागद घातला आणि पुढचे पान उलटले.