कोरडा पिस्टन

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने जुन्नरच्या लेण्यांवर लिहिण्याचे सुचविले होते. इतिहासाच्या शिक्षकाकडून तीच अपेक्षा असणार. परंतु गेली उन्हाळी सुट्टी मी लेण्यांत नव्हे, घोडेगावच्या घराच्या पडवीत घालविली. समोर होती दादांची लुना.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. पतपेढीचे कर्ज काढून १९८५ साली त्यांनी ही गाडी घेतली. आकुर्डीच्या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसण्याचा तो काळ. कायनेटिक इंजिनिअरिंगने इटलीतील पियाजिओच्या ‘चाओ’ या मोपेडच्या धर्तीवर १९७२ साली लुना आणली, आणि सायकलीवरचा माणूस इंजिनावर बसला. पन्नास सीसीचे इंजिन, पेट्रोल संपले तर पेडल. आमच्या वस्तीतील ते पहिले स्वयंचलित वाहन. दादा ते रोज पुसत, पण त्याविषयी कधी मिरवून बोलत नसत.

आता थोडे इंजिनाविषयी सांगणे भाग आहे. लुनासारख्या साध्या टू-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टनला, क्रँकला, बेअरिंगला वंगण पुरविते. तेल विसरले तर इंजिन लगेच बंद पडत नाही, उलट काही काळ झकास पळते. मग ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून फुगतो आणि बिडाच्या सिलिंडरला चिकटतो. मागचे चाक जागच्या जागी थांबते.

हे मी पुस्तकात वाचलेले नाही. १४ एप्रिल १९९१ रोजी बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या मिरवणुकीसाठी मी आणि एक मित्र दादांची लुना घेऊन जुन्नरला निघालो. पेट्रोल भरले, तेलासाठी दिलेल्या पैशांचे दोघांसाठी बिल्ले घेतले. एक दिवस तेल नसले तर काय होते, असा माझा विचार. कळंबच्या पुढे, भर उन्हात, डबलसीट, चाक जाम झाले आणि आम्ही दोघे रस्त्यावर. मिरवणूक हुकली. इंजिन सोडवून, आळीपाळीने पेडल मारीत रात्री घरी आलो. दादांना सांगितले, “पेट्रोलमध्ये भेसळ होती.” ते म्हणाले, “असेल.”

वार्षिक परीक्षांचे दिवस होते. शाळा सुटेपर्यंत दादा पहाटे उठून पायी जात. दुरुस्तीचे पैसे कोठून आणले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

ते गेल्यानंतर गाडी गोठ्यात पडून होती. भंगारवाला दोनदा येऊन गेला. यंदा ठरविले, आपण स्वतः उघडायची. वसतिगृहातील नववीची दोन मुले सुट्टीत घरी गेली नव्हती. ती मदतीला आली. त्यांच्या पालकांनी हे वाचले तर काळजी करू नये, मुलांनी केवळ रॉकेलने सुटे भाग धुतले. सायलेन्सरमधील काजळी काढण्यातच दोन दिवस गेले.

खरे काम क्रँकच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल सीलचे होते. पेट्रोलचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, मग वर जाते; सील चिरले तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ पडते आणि इंजिन तापते. आमची दोन्ही सीले पापडासारखी झाली होती. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची पॅकिंगे नव्या प्रतीची घातली. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसविले. जुन्या गाड्यांचे शौकीन याला बाटवाबाटवी म्हणतील. म्हणोत. मला गाडी काचेच्या कपाटात ठेवायची नव्हती.

पिस्टन बाहेर काढला तेव्हा माथ्यावर ०.५० असा आकडा दिसला. म्हणजे सिलिंडर एकदा बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसविलेला. ते १९९१ चेच काम. तेथवर काही नवल नव्हते. परंतु सीटखालच्या हत्याराच्या पिशवीत, पान्यांच्या तळाशी, कापडात गुंडाळलेला दुसरा पिस्टन निघाला. बाजूवर खोल उभे ओरखडे, एक रिंग खाचेतच वितळून बसलेली.

तो आणि सिलिंडर घेऊन मी मंचरच्या लेथवाल्याकडे गेलो. मी काही बोलण्याआधीच त्याने जुना पिस्टन उजेडात धरला. “सर, हा कोरडा चाललाय. तेलच नव्हतं.”

जुन्नरच्या एका शिलालेखात कांस्यकारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींची नोंद आहे. कारागिरांच्या शब्दावर लोक धन ठेवीत, हे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. लेथवाल्याला जे एका नजरेत कळले, ते १९९१ च्या मेकॅनिकलाही कळलेच असणार, आणि त्याने दादांना सांगितलेच असणार, हे मात्र तोवर माझ्या मनात आले नव्हते. समकालीन पुरावा पिशवीत होता. दुसराही होता, माझ्याच स्मरणात: त्या वर्षानंतर मला किल्ली देण्यापूर्वी दादा टाकीचे झाकण उघडून वास घेत. मला वाटे, पेट्रोल किती आहे ते पाहतात.

आणखी एक माप शिल्लक होते. सिलिंडर पुन्हा बोअर झाला. रिंगा सिलिंडरमध्ये सरळ बसवून त्यांच्या टोकांमधील फट फिलर गेजने मोजली. मुलांनी तीनतीनदा मोजली. जून महिन्यातील एका संध्याकाळी पेडल मारले. चौथ्या खेपेला इंजिन धरले, पडवी निळ्या धुराने भरली आणि मुले टाळ्या वाजवू लागली.

आई आतून आली. ऐंशीला टेकली आहे; भिंतीला धरून उभी राहिली.

“तेल घातलंस का?” तिने विचारले.

मी इंजिन बंद केले, टाकीचे झाकण उघडले आणि गाडी तिच्याजवळ नेली.