सैल राहिलेली कडी

आधी येतो तो आवाज. क्यू किंवा रिचमंडच्या बाजूला, थेम्सकाठच्या करड्या दुपारी डोक्यावरून तो घाईचा, कर्कश कलकलाट जातो आणि मान वर होण्याआधीच मराठी कानाला ओळख पटते. आपलाच राघू! तीच लाल चोच, तीच निमुळती लांब शेपटी, नराच्या गळ्यात तोच काळा-गुलाबी कंठ.

हे इथे आले कसे, याच्या कथा लंडनकरांना फार प्रिय. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने कार्नाबी स्ट्रीटवर एक जोडी सोडली म्हणे. नाहीतर ‘द आफ्रिकन क्वीन’ या १९५१च्या चित्रपटाच्या सेटवरून ते पळाले. २०१९ साली संशोधकांनी पोपट दिसल्याच्या नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा या कथांना आधार सापडला नाही. इंग्लंडात मोकळ्या पोपटाची नोंद १८५५ची आहे. तिथे त्यांची वीण सुरू झाली १९६९च्या सुमारास.

मला खरं उत्तरच जास्त भिडतं. इथे कुणी एक नायक नाही. कुठे पिंजऱ्याची कडी सैल राहिली, कुठे दार उघडं, कुठे मालक कंटाळला. वर्षानुवर्षं एकेक पक्षी निसटत गेला. युरोपातल्या या थव्यांची जनुकं तपासली, तर मुळं मुख्यतः पाकिस्तानात आणि उत्तर भारतात निघाली. म्हणजे थंडी त्यांना अगदीच अनोळखी नव्हती. उरलेलं परसबागांत टांगलेल्या शेंगदाण्यांनी भागवलं.

त्यांच्यावर रागावणारेही आहेत, आणि तो राग पोकळ नाही. राघू सहसा सुतारपक्ष्याची जुनी ढोली धरतो, तीही थंडी सरायच्या आत, इतरांच्या आधी. बेल्जियममध्ये नटहॅच या चिमुकल्या पक्ष्याच्या ढोल्या अशाच गेल्या. स्पेनमधल्या सेव्हिलच्या मारिया लुइसा उद्यानात तर त्यांनी मोठ्या वटवाघळांना हुसकावलं, काहींना मारलंसुद्धा. याकडे डोळेझाक करून राघूवर प्रेम करणं मला जमत नाही. पण त्याला उपरा म्हणून हिणवलेलंही ऐकवत नाही. समुद्र तो आपल्या पंखांनी ओलांडून गेला नव्हता. जाळं, पेटी, जहाज, दुकान हा सगळा प्रवास माणसाने घडवला. युरोपीय संघाने रानपक्ष्यांची आयात थांबवली ती २००५मध्ये, आणि तेव्हाही निमित्त झालं बर्ड फ्लूच्या भीतीचं.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. तरीही कितीतरी ओसऱ्यांवर मिठूचा पिंजरा टांगलेला असतो, आणि त्याला प्रेमाने पेरूची फोड भरवणाऱ्या आजींना राघू पाळणं हा गुन्हा आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं.