तारण : एक वाटाणा

तारण म्हणून वाटाणा दाखवणारा ऋणको मी बँकेत अजून पाहिलेला नाही. धुंडिराज गोविंद फाळके मात्र तसे होते. १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून हा गृहस्थ लंडनहून कॅमेरा घेऊन आला. पुढचं भांडवल? कुंडीत वाटाणा पेरला, दिवसेंदिवस थोडंथोडं चित्रण केलं आणि पैसेवाल्यांना पडद्यावर रोप भराभर वाढताना दाखवलं. पैसेवाले विरघळले! आमच्या साहेबांनी 'रोपाचं मूल्यांकन जोडावे' असा शेरा मारला असता.

तरी पुरेना, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गेले. पटकथा फाळक्यांची, दिग्दर्शन फाळक्यांचं. मंडळींचा स्वयंपाक आणि फिल्मला भोकं पाडणं बाईंकडे. तारामतीला बाईमाणूस मिळेना, म्हणून हॉटेलातले आचारी अण्णा साळुंके उभे राहिले. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लागला. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर हेच साळुंके राम आणि हेच सीता. संयुक्त खातं, सही एकच! एवढं करून १९४४ साली फाळके नाशकात वारले, ते ओढगस्तीतच.

परवा चिकलठाण्याच्या आमच्या शाखेत एका पोराचा अर्ज आला. कारण : चित्रपट काढणे. तारण : आईच्या बांगड्या. सोनं अस्सल, कागद चोख. दोन दिवस झाले, फाईल माझ्याच टेबलावर आहे.