ऑफ्टनमधला ट

धंतोलीतल्या घरी बाबा रोज सकाळी ‘हितवाद’ मोठ्यानं वाचत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली नागपुरात सुरू केलेलं हे इंग्रजी दैनिक, आणि बाबांचं बरंचसं इंग्रजी त्याच्यावरच पोसलेलं. ‘ऑफ्टन’ आला की त्यातला ट ते ठणठणीत उच्चारत. अक्षर छापलंय ना, मग म्हणायचं.

शाळेत बाईंनी अर्थ दिला, ‘वारंवार’. आईच्या तोंडी मात्र ‘घडीघडी’: “घडीघडी उन्हात काय जातेस गं, ऊन लागेल ना!” तो रागाचा चटका इंग्रजी शब्दात नाही. शांतपणे सांगायचं तर मराठीला असा शब्दही लागत नाही. ‘मी तिकडे जात असते’ म्हटलं की त्या ‘असते’तच सारं येतं.

पुढे मुंबईला मुलाखतीत एका साहेबांनी मला मध्येच थांबवलं. “ऑफन म्हणा. ट मुका आहे.” बाबांचा ट असा खोडलेला मला फार लागला. म्हणून शोधत गेले.

मूळ शब्द नुसता ‘ऑफ्ट’. शेवटचा ‘न’ मध्ययुगात जोडला गेला, बहुधा ‘सेल्डन’च्या वळणावर, हा आजचा ‘सेल्डम’, म्हणजे नेमका उलट अर्थाचा शब्द! पुढे बोलता बोलता ट गळाला, ‘लिसन’मध्ये गळाला तसाच. गिल्बर्ट-सलिव्हन यांची ‘पायरेट्स ऑफ पेन्झन्स’ ही इंग्रजी संगीतिका १८७९ मध्ये रंगमंचावर आली, तिच्यात तर ‘ऑफन’ की ‘ऑर्फन’, वारंवार की अनाथ, यावर अख्खा विनोदी प्रसंग आहे.

मग साक्षरता पसरली, लोक स्पेलिंग पाहून बोलू लागले आणि ट परतला. फाउलर या भाषापंडितानं १९२६ मध्ये अशांना झोडपलं: ट उच्चारतात ते एक तर अतिनेमके विद्वान, नाही तर स्पेलिंग येतं हे दाखवू पाहणारे अर्धशिक्षित. वाचून संताप आला. बाबा दोन्हींत बसत नाहीत. त्यांनी इंग्रजी ज्या कागदावरून घेतलं, त्याच्याशी ते इमान राखून होते.

आता मोठे कोश दोन्ही उच्चार देतात. शिकवणीची मुलं विचारतात, “मॅडम, बरोबर कोणतं?” मी दोन्ही फळ्यावर लिहिते, ट कसा गेला नि कसा आला ते सांगते, आणि स्वतः ट लावूनच बोलते.