कोऱ्या रकान्याची किंमत

दिल्लीत बदली झाल्यापासून संक्रांतीला पानिपतच्या काला आंब स्मारकास जाण्याचा माझा परिपाठ आहे. १४ जानेवारी २०२५ रोजीही गेलो होतो. १७६१ च्या वीरांना वंदन करून परतलो, किल्ली फिरवली, आणि गाडीने नुसता टकटक आवाज केला. बॅटरी गेली होती.

मोटारीची बॅटरी झिजते ती मुख्यतः उन्हाळ्यात. थंडीत तिची रासायनिक क्रिया मंदावते आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन सुरू करायला जोर मात्र अधिक लागतो. म्हणून तिचा दुबळेपणा उघडा पडतो तो जानेवारीत.

तरीही मी निश्चिंत होतो. ही बॅटरी पुण्यात डिसेंबर २०२२ मध्ये घेतलेली. वॉरंटी ४८ महिन्यांची: पहिले २४ महिने विनामूल्य बदली, पुढील २४ महिने उरलेल्या काळाच्या प्रमाणात किमतीत सूट. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती बिघडली, तेव्हा दिल्लीत बदलून मिळाली होती. म्हणजे नवी बॅटरी जेमतेम अकरा महिन्यांची!

पानिपतच्या दुकानदाराने बॅटरी तपासली, कार्ड पाहिले आणि माझे दोन भ्रम दूर केले. बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी वॉरंटी नसते. मूळ बॅटरीची उरलेली मुदतच तिला लागू होते. माझे विनामूल्य २४ महिने गेल्याच महिन्यात संपले होते. दुसरे असे की, दिल्लीच्या विक्रेत्याने नव्या बॅटरीचा क्रमांक कार्डावर लिहिलाच नव्हता. ‘‘साहब, खाना खाली है,’’ तो सौजन्याने म्हणाला. त्यामुळे सूटही नाही.

माझा हात खिशातील ओळखपत्राकडे गेला होता, हे कबूल करतो. ते बाहेर काढले नाही. पूर्ण किंमत मोजून नवी बॅटरी बसवली, जुनीचा क्रमांक टिपून पावतीवर लिहून घेतला आणि परतलो.

दुसऱ्या दिवशी कंपनीला तो क्रमांक कळवला. बदलीची नोंद त्यांच्या संगणकात होतीच! सुटीची रक्कम पुढे परत मिळाली. न मिळती, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार होता. १९८६ च्या कायद्यानुसार विक्रेता जिथे व्यवसाय करतो किंवा वादाचे कारण जिथे घडले, तिथे तक्रार करावी लागे. आता ती स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यातही करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. गावापासून दूर राहणाऱ्या आपणांसारख्यांना हा बदल मोलाचा आहे.

परंतु मला बोचले ते वेगळेच. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिपायाचा अर्ज मी ‘रुजू दिनांक नमूद नाही’ असा शेरा मारून परत पाठवला होता. तो दिनांक त्याच्या सेवापुस्तकात होता, आणि सेवापुस्तक आमच्याच कपाटात. रकाना भरण्याचे काम ज्याचे, त्याने तो कोरा ठेवला. भुर्दंड मात्र कागद हाती धरणाऱ्याला. तो गृहस्थ तीन वेळा बसने आला होता. त्याच्या खिशात ओळखपत्र नव्हते.

आता अर्ज परत पाठवण्यापूर्वी एक प्रश्न टिपणीत विचारतो: ही माहिती आपल्या दप्तरात आहे काय? उत्तर बहुधा ‘आहे’ असेच येते.

वाचकहो, नवी बॅटरी घ्याल तेव्हा कार्डावर दिनांक, क्रमांक आणि शिक्का आहे ना, हे दुकानातच पाहा. बदलून घ्याल तेव्हाही.